त्वचातज्ज्ञाकडे जाताना पुराव्यांची विल्हेवाट

कुत्रा खाजवतोय याला आता बराच काळ लोटला. ऋतू बदलला की थांबेल म्हणून वाट पाहून झाली, तीन शांपू झाले, ओळखीच्या प्रत्येकाचा एकेक घरगुती उपाय झाला. शेवटी प्राण्यांच्या त्वचातज्ज्ञाची वेळ मिळाली आहे. आता प्रश्न कुत्र्याच्या कातडीचा राहिला नसून तुमच्या अब्रूचा आहे, हे आधी ध्यानात घ्या.

तेव्हा आदल्या रात्री त्याला खसखसून अंघोळ घाला. हे डॉक्टर लोक आधीचे काही दिवस अंघोळ नको म्हणतात, कारण त्यांना तो चिकट थर, तो कोंडा, तो आंबूस वासच हवा असतो. चिकटपट्टीने किंवा काचेने तो उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की जिवाणू किती, मालासेझिया नावाचं यीस्ट किती, हे तिथल्या तिथे दिसतं. पण असं मळकं बाळ चारचौघांत न्यायचं? शांपू तुमचाच वापरा. माणसाच्या त्वचेचा सामू (आम्लता मोजायचा आकडा) साधारण ५.५, कुत्र्याचा ७ च्या आसपास, आणि त्याच्या कातडीचा वरचा थर आपल्याहून पातळ. पण वास किती छान येतो! कानही कापसाने लख्ख पुसून घ्या. कानातला मळ तपासायला मागितलाच, तर कौतुकाने सांगा, आमच्याकडे मळ नसतो.

कंगवाही फिरवा. केसांत काळे कण दिसले तर ओल्या पांढऱ्या कागदावर मुळीच टाकू नका. ते लालसर विरघळले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त, हे सिद्ध होईल आणि तुमचा ‘आमच्या घरात पिसवा? शक्यच नाही!’ हा हुकमी संवाद वाया जाईल. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या जनावराला मोजके चावेही पुरतात. मांजर तर चाटता चाटता पिसवा गिळून पुरावा स्वतःच मिटवते. शिका तिच्याकडून.

औषधांच्या बाबतीत संदिग्धता हीच खरी कला. गोळ्यांची पाकिटं, मलमं, जुने रिपोर्ट काहीही बरोबर नेऊ नका. ‘एक पांढरी गोळी होती, अर्धी द्यायचो’ एवढं वर्णन कोणत्याही तज्ज्ञाला पुरेसं असतं. फार खोदून विचारलं तर ‘गुलाबीसुद्धा होती’ अशी भर घाला. घरातल्या माणसाच्या गजकर्णावरची ती ट्यूब, जिच्यात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र नांदतात, तिचा उल्लेख टाळा. तशीही ती त्याने चाटूनच संपवली.

आधी फोन करून ‘कोणतं औषध कधी थांबवू?’ असं विचारणं तर फारच खालच्या पातळीचं. ॲलर्जी शोधायला त्वचेत बारीक बारीक थेंब टोचून कुठे गांधी उठते ते बघतात, आणि अँटिहिस्टामिन किंवा स्टेरॉइड अंगात असेल तर ती उठतच नाही. म्हणून सकाळी दोन्ही द्या, कुत्रा टेबलावर कसा शांत, समजूतदार दिसेल! किंवा दुसरं टोक गाठा. महिनोन्‌महिने चाललेलं स्टेरॉइड आपल्याच मनाने एका दिवसात बंद करा. शरीराने स्वतःचं संप्रेरक बनवणं तोवर थांबवलेलं असतं आणि कुत्रा कोसळू शकतो; पण निर्णय कसा बाणेदार वाटतो. उपाशी आणा असं बजावलं असेल, कारण भूल द्यावी लागू शकते, तर निघताना दयेपोटी एक पोळीचा तुकडा घालाच. दया कोणाला चुकली आहे?

सोबत कोणाला पाठवायचं? ज्याला सगळ्यात कमी माहिती आहे त्याला. डॉक्टर विचारणार: आधी खाज आली की आधी पुरळ? पहिल्यांदा खाजवलं तेव्हा वय काय होतं? पंजे चाटतो का? वर्षभर की ठरावीक महिन्यांत? यावर ‘ते हिलाच माहीत’ हे उत्तर चारही वेळा चालतं. ० ते १० मध्ये खाज किती, असं विचारलं की दोघं असाल तर एकाने ३ सांगावं, दुसऱ्याने ९, आणि मग तिथेच निकाल लावावा. घरात माणसांपैकी कोणाला खाज आहे का, या प्रश्नाला मात्र ठाम ‘नाही’ म्हणा. कुत्र्याची खरूज माणसालाही लागते, तेव्हा म्हणताना मनगट खाजवायचं तेवढं थांबवा.

फोनमध्ये त्याचे हजारो फोटो आहेतच. वाढदिवसाची टोपी घातलेले सगळे दाखवा. पोटावरचा लाल चट्टा उठला तेव्हाचा एकही नसेल, कारण तो कोण काढतो?

आहाराचं विचारलं तर ‘फक्त डॉग फूड’ म्हणा. मुलांच्या ताटातून पडतं ते मोजायचं नसतं, आजोबांचं चहासोबतचं बिस्किट हा तर खासगी व्यवहार. मुद्दाम धान्यविरहित पिशवी आणल्याचंही सांगा. कुत्र्यांत अन्नाची ॲलर्जी जास्त करून बीफ, दूध, चिकन अशा प्रथिनांची निघते आणि तुमच्या पिशवीवर कोंबडीचंच चित्र आहे, ते असू दे. केस पाठवून करवलेला ॲलर्जीचा ऑनलाइन रिपोर्ट मात्र पुढे करा. त्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही हे डॉक्टर किती सौम्यपणे सांगतात, ते ऐकण्यासारखं असतं.

मग ते सांगतील: आठ आठवडे ठरवून दिलेलाच आहार, दुसरा कणही नाही, जंतांवरची चवदार गोळीसुद्धा नाही. बुरशीच्या कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून बघायला, दोन-तीन आठवडे. ॲलर्जीची लस सुरू केली तर गुण यायला वर्षही लागू शकतं. हे सगळं मान डोलावत ऐका आणि शेवटी विचारा, ‘एक इंजेक्शन देऊन नाही का चालणार?’

अँटिबायोटिकने चौथ्या दिवशी पुरळ ओसरलं की उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवा, पुढच्या वेळी स्वतःच देता येतील. फेरतपासणी फोन करून रद्द करा. कारण विचारलं तर सांगा, बराच फरक आहे, आता फक्त रात्रीच खाजवतो.