जप्तीची खुर्ची वेगळी ठेवा

अभिनंदन साहेब! भूसंपादन शाखेत रुजू होऊन आठवडा झाला नाही, तोच पहिला निकाल टेबलावर आला. पाझर तलावात गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला द्या, असं कोर्ट म्हणतंय. आणि तुम्ही लगेच चेक काढायला निघालात? बसा. पाणी प्या.

आधी बघा, निकालाची प्रत आणली कुणी. शेतकऱ्यानं आणली असेल, तर ती 'अधिकृतरीत्या प्राप्त नाही'. सरकारी वकिलांकडून आली, तर सोबत अभिप्राय नाही. अभिप्रायही आला, तर नस्तीवर, म्हणजे फायलीवर, 'मार्गदर्शन व्हावे' एवढं लिहून ती वर पाठवा. वरून खाली यायला नस्तीला पाय थोडेच असतात! तोवर अपिलाची मुदत टळेल. टळू द्या, विलंबमाफीचा अर्ज असतो कशाला? अपील ठोका आणि शेतकऱ्याला सांगा, 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.' नुसतं अपील केलं म्हणून स्थगिती मिळत नाही, हे त्याच्या वकिलाला ठाऊक असतं. पण वकील काही रोज तुमच्या दारात येत नाही.

येतो तो म्हातारा. हातात कपड्याच्या दुकानाची प्लास्टिक पिशवी, पिशवीत निकालाची नक्कल, घड्यांवर फाटू नये म्हणून सेलोटेप मारलेली. त्याला उभं ठेवू नका, तेवढी माणुसकी हवी. चहा सांगा आणि म्हणा, "बाबा, तुमचंच काम हातात घेतलंय. फक्त अनुदान यायचंय." तो हात जोडून जाईल.

पुढं तो निकालाच्या वसुलीसाठी कोर्टात दरखास्त लावतो आणि एक दिवस कोर्टाचा बेलीफ जप्तीचं वॉरंट घेऊन हजर. जाणती कार्यालयं त्यासाठी एक जादा खुर्ची बाळगतात, डावा हात निखळलेली. ती पुढं करा, जोडीला बंद पडलेला कॉम्प्युटर. टेम्पोत चढता चढता लेखी हमी द्या : महिन्याभरात रक्कम जमा करतो. खुर्ची जागेवर! पेपरात फोटो येईल खरा, पण त्यात खुर्ची असेल, तुम्ही नसाल.

व्याजाची धास्ती? जुन्या १८९४ च्या कायद्यानं वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के, नंतर १५. वीस वर्षं रखडवलंत तर लाखाचे जवळजवळ चार लाख. १५ टक्के तर बँकही देत नाही, म्हणजे म्हाताऱ्याचं भलंच करताय तुम्ही. भरायचे तिजोरीनं. तुमच्या पगारातून दमडी कापली जात नाही.

राहिली अवमान याचिका. १९७१ च्या कायद्यात फार तर सहा महिने साधी कैद आणि दंड दोन हजार, ज्यात धड मोबाईल येत नाही. तारखेच्या आदल्या संध्याकाळी आदेश पाळा, सकाळी विनाशर्त माफी मागा. हां, २००६ मध्ये सॉ मिलच्या परवानग्यांवरून सर्वोच्च न्यायालयानं राज्याचे मंत्री स्वरूपसिंग नाईक आणि वनखात्याचे प्रधान सचिव यांना एकेक महिना आत पाठवलं होतं. पण असे किस्से नवख्यांना सांगू नयेत, उगाच कामं व्हायला लागतात. शिवाय तोवर तुमची बदली झालेली असते. माफी पुढचा साहेब मागेल.

एखाद दिवशी तीच पिशवी घेऊन मुलगा येईल. बाबा गेले म्हणेल. त्याला चांगली खुर्ची द्या, चहा सांगा. तो चहा पिऊन होईपर्यंत थांबा. मग वारस दाखला मागा.