उसनवारी म्हणजे नक्कल नव्हे
‘राज्यघटना म्हणजे १९३५ च्या कायद्याची नक्कल’ हे एका लेखातलं वाक्य खटकलं. (हा कायदा म्हणजे ब्रिटिशांनी भारताच्या कारभारासाठी केलेला ‘भारत सरकार कायदा’.) उसनवारी झाली हे खरंच, ती कुणी लपवलीही नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनीच संविधान सभेत सांगितलं, की त्या कायद्यातून घेतलं याबद्दल मी माफी मागणार नाही. आणि घेतलेला भाग मुख्यतः प्रशासनाच्या तपशिलाचा आहे. पण १९३५ च्या कायद्यात मूलभूत हक्क होते कुठे? प्रौढ मताधिकार तरी होता का?

कलम १५ वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापराला धर्म, जात वगैरे कारणांवरून कुणालाही मज्जाव करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आता हा ‘तलाव’ कोणत्या परदेशी घटनेतून आला? १९२७ चं महाडचं चवदार तळं आठवल्याशिवाय मला तरी तो शब्द वाचता येत नाही. (आमच्या आजोळच्या गावात पाणवठे वेगळे होते, आई अजून सांगते.)

आणि हो, नेहरूंच्या डिसेंबर १९४६ च्या उद्दिष्टांच्या ठरावात ‘बंधुता’ हा शब्द नव्हता. तो मसुदा समितीने उद्देशिकेत घातला. लेखात याचा साधा उल्लेखही नाही!