टँगोची गाणी 'एकतर्फी' कुठली?

"टँगो म्हणजे एकतर्फी प्रेमाचं संगीत. ब्युनोस आयर्सच्या बंदरावर उतरलेल्या, बायका न मिळालेल्या परदेशी पुरुषांचे उसासे." टँगो या अर्जेंटिनातल्या नाच-गाण्याबद्दल अशा अर्थाची पोस्ट सध्या जोरात फिरते आहे, सोबत 'पोर उना काबेसा' या टँगोची क्लिप. वाचायला झकास, गाण्यांचे शब्द समोर ठेवले की मात्र टिकत नाही.

आधी 'एकतर्फी'चं बघू. गायच्या टँगोची सुरुवात ज्या गाण्यापासून धरतात ते 'मी नोचे त्रिस्ते' गायक कार्लोस गार्देलने १९१७ मध्ये रेकॉर्ड केलं. शब्द पास्कुआल कोन्तुर्सीचे. त्यातला गडी झुरतोय खरा, पण जी त्याच्याच खोलीत राहत होती आणि त्याला टाकून गेली तिच्यासाठी. एकाच रंगाच्या फिती बांधलेल्या तिच्या छोट्या बाटल्या आता तिथे नाहीत. गिटार कपाटात टांगून पडली आहे. ती असताना आणायचा तशी 'माते' या तिथल्या चहासारख्या पेयाबरोबर खायला बिस्किटं तो अजूनही आणतो आणि रात्री दार लावत नाही, न जाणो ती आली तर! एकतर्फी प्रेमात बिस्किटांची सवय कुठून लागणार? हा मोडलेला संसार आहे. तीच गत 'सुर' या गाण्याची (१९४८). गीतकार होमेरो मान्सी तिथे प्रेयसीइतकाच जुन्या वस्तीसाठी हळहळतो.

आता गंमत बघा. ज्यात प्रेम अजून मिळालेलंच नाही असं सर्वांत गाजलेलं गाणं म्हणजे आल्फ्रेदो ले पेराने गार्देलसाठी लिहिलेलं 'एल दिया के मे किएरास', म्हणजे तू माझ्यावर प्रेम करशील तो दिवस. आणि ते रडकं अजिबात नाही! त्या दिवशी गुलाब नटेल, घंटा वाऱ्याला बातमी देतील, चांदण्या हेव्याने जळतील. आशेवर जगणाऱ्याचं गाणं आहे ते.

एकट्या परदेशी पुरुषांचा मुद्दा निव्वळ थाप नाही. त्या काळी शहरात स्थलांतरित पुरुषांची संख्या बायकांपेक्षा बरीच जास्त होती. पण ही गाणी लिहिणारे कोन्तुर्सी, मान्सी आणि आणखी एक गीतकार दिसेपोलो, तिघेही अर्जेंटिनातच जन्मलेले. शिवाय मारिया लुइसा कार्नेली ही बाई पुरुषी टोपणनावांनी टँगो लिहायची, तिला कुठे बसवणार?

आणि सगळे रडतात असंही नाही. दिसेपोलोच्या 'विक्तोरिया'त बायको पळाली म्हणून नवरा जल्लोष करतो. सेलेदोनियो फ्लोरेसच्या 'मानो आ मानो'मधला माणूस पैसेवाल्याकडे गेलेल्या बाईला सांगतो की आपला हिशेब फिटला. पण म्हातारपणी अडलीस तर या मित्राची आठवण ठेव. टोमणे भरपूर मारतो, पण माणूस दिलदार.

राहिली ती क्लिप. १९९२ च्या 'सेंट ऑफ अ वूमन'मध्ये अल पचिनो ज्यावर नाचतो तीच ही धून. सिनेमात शब्द नाहीत म्हणून लोकांना ती हळुवार प्रेमाची वाटते. मूळ गाणं घोड्यांच्या शर्यतीचा नाद लागलेल्या माणसाचं. घोडा एका मुंडीने हरतो, बाईही हसत हसत फसवते, तो म्हणतो आता बस झालं. आणि शेवटच्या कडव्यात? रविवारी खात्रीचा घोडा असेल तर सगळं लावणार, काय करू!