चांगली कॉफी घरी होत नाही, असं कोणी ठरवलं?

गेले काही दिवस एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. सारांश असा : महागड्या यंत्राशिवाय चांगली कॉफी होत नाही, दाणे जितके काळे तितकी कॉफी कडक, चिकोरी म्हणजे भेसळ, दाणे घरी भाजणं अशक्य आणि भारतीय कॉफी दुय्यम. मी घरीच दाणे भाजते, दळते आणि कॉफी करते. हा मेसेज वाचून कितीतरी जण प्रयत्न करण्याआधीच माघार घेतील, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यंत्राचं आधी. एस्प्रेसोला, म्हणजे दाबाने काढलेल्या दाट कॉफीला, यंत्र लागतं, हे खरंच. साधारण नऊ बारचा, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट, दाब नुसत्या हाताने येत नाही. पण एस्प्रेसो हा कॉफीचा एक प्रकार झाला. स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरला ना वीज लागते ना दाब. वरच्या भांड्यात पावडर, त्यावर चकती, त्यावर उकळी मोडलेलं पाणी; पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दांड्याची जाळी दाबून कॉफी गाळायच्या भांड्यात, 15 ग्रॅम जाडसर पावडर आणि 225 मिली पाणी, चार मिनिटं. पैसे घालायचेच तर हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्ये घाला. मिक्सरमध्ये काही दाण्यांचं पीठ होतं आणि काही नुसते फुटतात. पीठ कडवटपणा सोडतं, भरड कच्ची आणि आंबट लागते. चव बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

काळ्या दाण्यांचं म्हणाल तर कडवट आणि कडक यात लोकांची गल्लत होते. भाजताना कॅफिन फारसं कमी-जास्त होत नाही. दाणा जास्त भाजला की पाणी उडून हलका होतो आणि फुगतो, त्यामुळे चमच्याने मोजलं तर काळ्या कॉफीत कॅफिन उलट किंचित कमीच भरतं. खरा फरक दाण्याच्या जातीचा आहे; अरेबिका आणि रोबस्टा या मुख्य दोन जाती. रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं. बाकी कॉफी कडक होते ती पावडर किती घातली यावर.

चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ. आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. नियमानुसार कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापायला हवं. छापलं असेल तर ते मिश्रण; लपवलं तरच भेसळ. शंका आली तर ग्लासभर पाण्यावर चिमूटभर पावडर टाका. कॉफी बराच वेळ तरंगते, चिकोरी तपकिरी रेघा सोडत लगेच खाली बसू लागते. माटुंग्यातल्या पावडरच्या दुकानांत चिकोरी किती घालू, असं विचारूनच दळून देतात. दूध घालून पिणाऱ्याला चिकोरीचा दाटपणा आवडतो, त्यात कमीपणा कसला?

घरी भाजण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. इथिओपियात घराघरांत आजही तव्यावर दाणे भाजून पाहुण्यांना कॉफी देतात. आपली जाड लोखंडी कढई चालते. दीडशे ग्रॅम हिरवे दाणे घ्या, मध्यम आच ठेवा, आणि उलथनं थांबू देऊ नका. आधी ओल्या गवतासारखा वास येतो, दाणे पिवळे पडतात, मग भाजलेल्या पावाचा वास सुटतो आणि पातळ टरफलं उडू लागतात. दाण्याच्या आतलं तापमान 196 अंशांच्या आसपास गेलं की लाह्या फुटल्यासारखा तडतडाट सुरू होतो. हा पहिला तडका. तो ओसरल्यावर एखाद्या मिनिटात उतरवलं तर दाण्याचा मूळचा आंबट-गोड स्वाद राहतो. आणखी ठेवलं तर बारीक आवाजाचा दुसरा तडका येतो, दाण्यावर तेल चमकतं आणि धूर वाढतो. खिडकी उघडी हवीच. उतरवल्याबरोबर दाणे चाळणीत ओतून पंख्याखाली हलवा, नाहीतर स्वतःच्याच उष्णतेने ते भाजत राहतात. मग दोन-तीन दिवस थांबा, कारण ताज्या दाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघत असतो. कढईत सगळे दाणे एकसारखे होत नाहीत, हे मान्य. तरी कित्येक महिने दुकानात पडून राहिलेल्या पाकिटापेक्षा ही कॉफी मला सरस वाटते.

राहिलं भारतीय दाण्यांचं. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया चिकमंगळूरच्या डोंगरात आणल्या, अशी परंपरा सांगते. 2019 मध्ये कूर्ग, चिकमंगळूर आणि बाबाबुडनगिरीच्या अरेबिकाला, वायनाडच्या रोबस्टाला आणि आंध्रातल्या अरकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते. देशातल्या पिकाचा मोठा भाग परदेशी जातो, आणि इटली त्याचं मोठं गिऱ्हाईक आहे. म्हणजे ‘इटालियन’ म्हणून कौतुकाने घेतलेल्या पाकिटात कर्नाटकातला रोबस्टा असणं सहज शक्य आहे. पुण्या-मुंबईतली बरीच छोटी कॅफे आता मळ्याचं नाव आणि भाजल्याची तारीख पाकिटावर लिहितात. देश बघण्याआधी ती तारीख बघा, आणि नसेल तर काउंटरवर विचारा.