आधी गळती शोधा ना!

इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी झालं की गॅरेजवाल्यांचं एकच पालुपद, "टॉप-अप करून देतो, साहेब." अहो, पण ते जातंय कुठे? 15 वर्षांची गाडी, तीन महिन्यांत तीन गॅरेजं! एकाने रेडिएटर बदलला, दुसऱ्याने होस पाइप, तिसऱ्याने चक्क नळाचं पाणी ओतलं. नळाचं! आत गंज चढला, क्षार साचले, तर निस्तरायचं कुणी? थंड इंजिनावर प्रेशर टेस्टर (कूलंटच्या मार्गात हवेचा दाब भरून गळती तपासायचं साधन) लावा, त्याचा पंप मारा, दाबाचा काटा उतरतो का बघा, थेंब शोधा. एवढाही वेळ नाही? शेवटी मीच टॉर्च घेऊन वाकलो. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून हिरवा ओघळ, कडेला वाळून पांढरट झालेला. पंपाचं सील गेलेलं! खंबाटकीच्या चढावर गाडी तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, उडालं असतं तर?