‘दोन दिवस थांबा, मग ऑक्सिटोसिन टोचा’: व्यालेल्या डुकरिणीबद्दलचा हा सल्ला कुठे चुकतो

वराहपालकांच्या मोबाइलवर एक संदेश सारखा फिरत असतो. त्याचं सार असं: डुकरीण व्याली की दोन दिवस खात नाही आणि अंग तापतं, ते दूध उतरण्याचं लक्षण. तरीही दूध नसेल तर ऑक्सिटोसिन (पान्हा सोडवणारं संप्रेरक) टोचा, पान्हा फुटला नाही तर डोस वाढवा. मागून पांढरं आलं तर पिशवी (गर्भाशय) धुऊन काढा. कास सुजू नये म्हणून पाणी तोडा. तोवर पिल्लांना गाईचं दूध पाजा.

‘दोन दिवस खात नाही, ते नैसर्गिकच’

अर्धं खरं आहे. व्यायच्या दिवशी तिची भूक कमी होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खाद्य टाकलं आणि ती उठलीच नाही, तर ती आजारी समजायची. कासदाह, गर्भाशयाचा दाह आणि दूध आटणं हे त्रास बहुतेक वेळा व्याल्यानंतरच्या १२ ते ४८ तासांत दिसू लागतात, कधी एकत्र, कधी एकेकटे. म्हणजे संदेशात जे दोन दिवस थांबायला सांगितलंय, तेच उपचाराचे दोन दिवस.

खूण डुकरिणीपेक्षा पिल्लांवर आधी दिसते. पोट भरलेली पिल्लं पिऊन झाल्यावर एकमेकांना चिकटून झोपतात. उपाशी पिल्लं किंचाळत सडांवरून सडांवर फिरतात, कुशी आत गेलेल्या असतात, फरशीवरचं मूत चाटतात. डुकरीण पोटाखाली कास दाबून पालथी पडून राहिली, तर दुखतंय म्हणून ती सड देत नाहीये.

‘अंग गरम म्हणजे दूध उतरतंय’

हाताला गरम लागणं हे काही माप नव्हे. थर्मामीटर गुदद्वारात भिंतीला टेकवून धरा, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. दुभत्या डुकरिणीचं तापमान एरवीपेक्षा थोडं चढतंच, ३९.३ अंश सेल्सिअस असून ती खात असेल, पिल्लं शांत असतील, तर औषध नको. ३९.५ च्या वर आणि सोबत खाणं बंद किंवा कास कडक, तर पशुवैद्यक त्याच दिवशी बोलवा. ४० च्या वर असेल तर दुसरं लक्षण शोधत बसू नका.

कासेवर बोट दाबून पाहा. खड्डा पडून राहिला तर नुसती पाणीसूज. लाल, गरम, दगडासारखी लागली आणि दाबताना ती झटकली, तर दाह.

‘दूध नाही तर ऑक्सिटोसिन, नाहीच आलं तर जास्त’

सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. ऑक्सिटोसिन दूध तयार करत नाही, कासेत असलेलं दूध फक्त सोडवतं. दूध तयार होतं ते प्रोलॅक्टिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे, आणि आतड्यातून किंवा कासेतून रक्तात गेलेलं जिवाणूंचं विष नेमकं प्रोलॅक्टिनच पाडतं. कास रिकामी असेल तर कितीही टोचा, पान्हा यायचा कुठून? आधी दाह उतरवावा लागतो. त्यासाठी पशुवैद्यक सहसा मेलॉक्सिकॅमसारखं दाहशामक देतात (डुकराला दर किलो वजनामागे ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे २०० किलोच्या डुकरिणीला ८० मिलिग्रॅम) आणि गरजेप्रमाणे प्रतिजैविक. त्याच्या जोडीला ऑक्सिटोसिन उपयोगी पडतं: एका वेळी ५ ते १० युनिट, काही तासांनी पुन्हा. त्याचा असर काही मिनिटांत ओसरतो, म्हणून मोठ्या डोसापेक्षा छोटे डोस बरे.

‘किती मिली?’ हा प्रश्नच चुकीचा. बाटलीप्रमाणे एका मिलीत ५, १० किंवा २० युनिट असतात. लेबल वाचून युनिट मोजा.

वीण संपण्याआधी तर आणखी जपून. पिल्लू आडवं अडकलं असताना इंजेक्शन दिलं की कळा लयीत न येता गर्भाशय आवळून राहतं, नाळ दाबली जाते, आतली पिल्लं गुदमरतात. गर्भाशय फाटूही शकतं. एका पिल्लानंतर पाऊण तास ते तासभर दुसरं आलं नाही, तर हात धुऊन, लांब हातमोजा आणि भरपूर वंगण लावून आधी वाट मोकळी आहे का ते पाहायचं.

‘पांढरं आलं की पिशवी धुवा’

पहिले तीन-चार दिवस थोडा, पातळ, बिनवासाचा स्राव येतोच. तपकिरी किंवा लालसर, घाण वासाचा आणि ताप असेल तर दाह. वार किंवा मेलेलं पिल्लू आत राहिलंय का, तेही बघावं लागतं. धुण्याने मात्र काम बिघडतं. डुकरिणीच्या गर्भाशयाची शिंगं, म्हणजे त्याचे दोन फाटे, मीटरभराहून लांब. आत सोडलेलं पाणी सगळं बाहेर येत नाही आणि नळीबरोबर बाहेरची घाण आत जाते.

‘पाणी तोडा’

उलट. दुभत्या डुकरिणीला दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागतं. तोडलं की विष्ठा बकरीच्या लेंड्यांसारखी सुकते, मळ आतड्यात साचतो आणि जिवाणूंचं विष तिथूनच रक्तात जातं. पाणी पिण्याच्या निप्पलखाली लिटरची बाटली धरा; अर्ध्या मिनिटात भरायला हवी. एक मिनिट लागत असेल तर निप्पल तुंबलंय, आणि दुखणाईत डुकरीण तेवढा वेळ उभी राहत नाही. शेवटच्या आठवड्यात खाद्यात कोंडा वाढवा. व्यायच्या दिवशीही पूर्ण उपास नको; शेवटचं खाणं होऊन बरेच तास उलटले की ताकद संपते, वीण लांबते. नंतर रोज अर्धा किलो वाढवत न्यायचं.

‘पिल्लं गाईच्या दुधावर काढा’

पिल्लू प्रतिपिंडांशिवाय जन्मतं, ते सगळे चिकातून येतात, आणि साधारण दिवसभरात आतडं ते शोषणं थांबवतं. पहिल्या दिवसात दर पिल्लाला किमान २०० ते २५० ग्रॅम चीक मिळायला हवा. गाईच्या साध्या दुधात ते प्रतिपिंड नाहीत, चरबीही डुकरिणीच्या दुधाच्या जवळपास निम्मी. नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या डुकरिणीखाली काही पिल्लं लावणं केव्हाही चांगलं. ते जमत नसेल तर त्या दुसरीचा चीक पिळून कोमट, १५ ते २० मिली, दर तास-दोन तासांनी पाजायचा.

आजारी आईखालून सगळी पिल्लं मात्र काढू नका. न चोखलेला सड दोन-तीन दिवसांत आटतो आणि या वेतात परत चालू होत नाही. चार-पाच दांडगी पिल्लं तिच्याकडेच ठेवा, बाकीची हलवा.