हातातला दत्तक वाया गेला म्हणून दोन स्टार दिलेल्या ताईंना

ताई नमस्कार, नागपूरच्या भोसल्यांच्या गादीवरचा हा पत्त्यांचा खेळ मीच बनवला आणि प्रेसपण माझीच आहे, म्हणून उत्तर मीच लिहून राहिलो. तुमचा रिव्ह्यू आला तेव्हा लग्नपत्रिकांची घाई चालू होती, चार दिवस उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. दिवाळीत ताईंच्या घरी चौघं खेळायला बसले, अडीच तास खेळले, ताईंनी पार ओडिशातल्या कटक बालेश्वरपर्यंत परगणे जोडले, टेबलावर सगळ्यात मोठं घराणं त्यांचंच होतं, आणि चौथ्या पिढीत गादीवरचा माणूस वारस नसताना गेला आणि सगळं खालसा झालं, शून्य मार्क. दत्तकचा पत्ता हातात होता तरी खेळता आला नाही. म्हणून त्यांनी लिहिलं की हा डोक्याचा खेळ नाही, सापशिडी आहे. शिवाय पत्त्यांचे कोपरे उकलले, ६५० रुपये जास्त आहेत, आणि त्यांच्या लेकीनं विचारलं की मुलगी गादीवर का बसत नाही.

कोपऱ्यांची चूक आमची आहे. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, आर्ट कार्ड वापरला, तो चांगला आहे, पण लॅमिनेशन आणि डाय कटिंग आमच्याकडं होत नाही, बाहेर शहरातून करून आणावं लागतं, आणि पहिल्या २०० बॉक्सचं लॅमिनेशन नीट बसायच्या आधीच घाईघाईत कटिंग झालं. मी माल मोजून घेतला पण एकेक पत्ता नख लावून बघितला नाही. तो बघायला पाहिजे होता. तुमच्यासारखे अजून तिघांचे फोन आले, त्यांना नवीन सेट गेले, तुमचापण निघतो, जुना परत पाठवायची गरज नाही.

आता दत्तक. तुमचा रिव्ह्यू वाचून मी नियमाचं पुस्तक परत काढलं आणि पान ६ वर मीच लिहिलेलं दिसलं, "दत्तकचा पत्ता कधीही खेळता येतो." आणि पान ११ वर लिहिलंय की तिसऱ्या पिढीपासून, म्हणजे टेबलावर रेसिडेंटचा (दरबारात बसलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचा) पत्ता उघडला की, गादीवरचा माणूस जिवंत असतानाच दत्तक खेळायचा आणि सोबत सनद, म्हणजे मंजुरीचा पत्ता, टाकायची. तुम्ही पान ६ वर विश्वास ठेवला. तो "कधीही" शब्द माझा, तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं असेल तर ते बरोबरच वाटलं. नवीन पुस्तकात तो शब्द काढला, आणि ज्यांच्याकडं जुनं पुस्तक आहे त्या सगळ्यांना चिकटवायची चिठ्ठी पाठवून राहिलो.

पण ताई, नियम मी बदलणार नाही. तो काढून टाका असं तुम्ही लिहिलं, ते मी मनावर घेतलं, दोन रात्री विचार केला, तरी नाही बदलणार. कारण ह्या एका नियमासाठी हा खेळ बनला आहे.

नागपूरचे भोसले राजे रघुजी तिसरे ११ डिसेंबर १८५३ ला वारले. मुलगा नाही, आणि हयातीत दत्तकपण घेतलेला नाही. ते गेल्यावर घरच्यांनी यशवंतराव अहेररावांना दत्तक घेतलं, नाव जानोजी ठेवलं, पण इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीनं ते मानलं नाही आणि १८५४ ला अख्खं राज्य खालसा केलं, वाड्यातले दागिने लिलावाला कलकत्त्याला गेले. म्हणजे पत्ता घरात होताच, फक्त टाकायची वेळ निघून गेली होती. तुम्ही लिहिलं ना, "वेळ आली की खेळू म्हणून ठेवला होता," ते वाचून माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. तुमच्या हिशोबानं तो पत्ता तुमच्याकडं तिसऱ्या पिढीच्या सुरुवातीलाच आला होता, नंतर तुम्ही पाच डाव परगणे घेण्यात घातले. एक डाव आणि एक सनद, बस तेवढंच लागत होतं. पान ६ नीट असतं तर तुम्ही तो खेळलाच असता हे मला मान्य आहे, पण ह्याला नशीब म्हणू नका.

आणि नुसता दत्तक टाकूनही भागत नाही, हेपण मुद्दाम ठेवलंय. रघुजी पहिले १७५५ ला गेले तेव्हा चार मुलं, जानोजी, मुधोजी, साबाजी, बिंबाजी. थोरल्यांना नागपूर, मुधोजींना चांदा, बिंबाजींना छत्तीसगड आणि साबाजींना दारव्हा. आमचं गाव ह्याच दारव्हा तालुक्यात आहे, मी चाळिशी ओलांडेपर्यंत मला माहीत नव्हतं की आमचा तालुका कधी कोणत्या राजाच्या धाकट्या भावाचा हिस्सा होता. जानोजींना मूलबाळ नव्हतं, त्यांनी भावाचा, मुधोजींचा मुलगा हयातीतच दत्तक घेतला, पेशव्यांची मंजुरी घेतली, सगळं रीतसर. तरी १७७२ ला ते गेल्यावर साबाजी आणि मुधोजी भिडलेच, आणि २६ जानेवारी १७७५ ला नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या गोळीनं साबाजी पडले. सख्ख्या भावाच्या गोळीनं! म्हणून भावांना जहागीर न देता दत्तक टाकला तर भाऊबंदकीचा पत्ता दुप्पट लागतो. जहागीर दिली तर तुमची ताकद वाटली जाते, नाही दिली तर भाऊ शेजारच्या खेळाडूला मिळू शकतो. दर पिढीला हाच पेच आहे. पुढं १८०३ ला इंग्रजांशी अडगाव, गाविलगड हरल्यावर देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचं जवळजवळ सगळं गेलं, त्यात आमचं दारव्हापण गेलं, आणि तिकडं कटक बालेश्वरपण गेलं. म्हणून त्या परगण्यांना मार्क जास्त ठेवले पण ते टिकवणं अवघड ठेवलं.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगतो. वडिलांनी ट्रेडल मशीनवर प्रेस सुरू केली तेव्हापासून आम्ही लग्नपत्रिका छापतो, आणि अख्ख्या पंचक्रोशीतली भाऊबंदकी आमच्या टेबलावर येते. निमंत्रकात मोठ्या काकांचं नाव आधी की ज्यांनी खर्च केला त्यांचं, शेताच्या धुऱ्यावरून कोर्टात गेलेल्या भावाचं नाव टाकायचं की नाही, कै. कोणाकोणाच्या मागं लावायचं, एक प्रूफ तीनतीनदा परत येतं. एकदा एक म्हातारे बाबा नुसते बसून राहिले, त्यांना मूल नव्हतं, पुतण्याच्या पत्रिकेत आपलं नाव कुठं येईल ते बघायला आले होते. बोलले काहीच नाहीत. ते गेल्यावर मी पहिल्यांदा कागदावर चार पिढ्यांचे चौकोन काढले. मग पावसाळ्यात काम कमी असतं तेव्हा गावातली पोट्टे घेऊन खेळून खेळून बघायचो, लाईन गेली की मोबाईलच्या उजेडात. १४० पत्ते होते ते ११२ वर आणले.

तुमच्या लेकीचा प्रश्न मात्र मला लागला. पत्रिकेत लहान पोरींची नावं किलबिलमध्ये येतात, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं," मोठ्या झाल्या की सौ. म्हणून सासरच्या नावानं कुठंतरी खाली. हे मी हजारो वेळा छापलं आणि खेळातपण तेच केलं, मुलगी म्हणजे सोयरीक जोडायचा पत्ता. बायांचे पत्ते आहेत, देवगडची गोंड राणी रतनकुंवर आहे, रघुजी दुसऱ्यांची राणी बांकाबाई आहे, आणि बांकाबाईचा पत्ता गादी एक पिढी सांभाळतो, कारण १८१८ ला रघुजी तिसरे लहान होते तेव्हा त्यांच्या नावानं गादी त्या सांभाळत होत्या, खरा कारभार रेसिडेंट जेंकिन्सच्या हातात असला तरी. १८५४ ला म्हातारपणी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीपुढं घराण्याची बाजूपण मांडली. पण ही ताकद मी पत्त्याच्या मागं बारीक अक्षरात छापली, तुमच्यापैकी कोणाला दिसली नाही, त्यात तुमचा दोष नाही.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे भोसल्यांच्या नादात मी चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची, हिराई विसरलो. विदर्भात राहून विसरलो. गोंड राजा बीरशहा मारला गेला, मुलगा नव्हता, राणी हिराईनं रामशहाला दत्तक घेतलं आणि तो लहान होता तोपर्यंत राज्य स्वतः चालवलं, चंद्रपुरात नवऱ्याची समाधी तिनंच बांधली. बघा ताई, नवरा गेल्यावर घेतलेला दत्तक चांद्याला चालला, आणि दीडशे वर्षांनी नागपूरला चालला नाही. खेळाचा सगळा गाभा हिराई आणि बांकाबाई ह्या दोन बायकांच्या घरात आहे आणि माझ्या बॉक्समध्ये त्यातलं एकच घर होतं. पुढच्या छपाईत हिराई येणार. तिचा नियम असा केलाय की पहिल्या दोन पिढ्यांत, रेसिडेंट यायच्या आधी, गादी रिकामी झाल्यावरपण ती दत्तक खेळू शकते आणि कारभाराचे मार्क तिच्या स्वतःच्या नावावर चढतात.

किमतीचं, ६० रुपयाचा पत्त्यांचा कॅट लाखानं छापला जातो, आमचे २०० बॉक्स, म्हणून दर बसत नाही. ५०० छापता आले तर कमी करीन.

तुमच्याकडं नवीन सेट, पान ६ ची चिठ्ठी, आणि हिराईचा पत्ता पाठवून राहिलो, तो साध्या कागदावरचा आहे, अजून छपाईला दिलेला नाही. लेकीला म्हणावं दोन तीनदा खेळून बघ आणि हिराई जास्त भारी पडते की कमी ते मला सांग, तिचं ऐकूनच छापीन. ऑर्डरवरच्या पत्त्यावरच पाठवायचं असेल तर नुसतं हो म्हणून मेसेज टाका, सोमवारच्या पोस्टानं निघेल.